टाचणी की खळ?

पावसाळा सरून उन्हे पडू लागली की पेडण्यास आमच्या घरी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवावयास घेत. ओसरीवर लुगड्यांचे थर अंथरले जात, वर रंगीत तुकडे मांडले जात आणि सुई चालण्यापूर्वी एक वाद हमखास निघे. तुकडे जागचे हलू नयेत म्हणून टाचण्या लावाव्यात की तांदळाच्या खळीने ते चिकटवावेत? आई टाचणीच्या पक्षाची, थोरल्या काकी खळीच्या.

काकींचा पक्ष दुबळा नव्हता. टाचणी बोटास टोचते, लहान तुकड्याचा कोपरा तिने उचलला जातो. पातळ खळीने तो सपाट बसतो आणि पहिल्या धुण्यात खळ निघूनही जाते. पण खळ दाट झाली तर कापड ताठरते, सुई अडते. न धुता पेटीत ठेवल्यास झुरळे नेमक्या त्याच कडा कुरतडतात. टाचणीही निर्दोष नव्हे. विसरलेली टाचणी आपल्या दमट हवेत गंजते आणि तिचा तांबूस डाग जन्मभर राहतो. तरी आई म्हणे, "टाचणी डोळ्यांना दिसते, म्हणून काढायची आठवण राहते. आणि तुकडा चुकला, तर सरकवता येतो."

या वाक्याचा अर्थ मला वकिलीत पडल्यावर, तोही उशिरा कळला. डिचोलीकडील एका घरचे भाऊ वडिलांच्या पश्चात बहिणीचे हक्कसोडपत्र करावयास आले. बहीण व तिचे यजमान सोबत होते. "दादा म्हणतो तसेच लिहा," एवढेच ती बोलली. मजकूर समजला ना, असे मी रीतीप्रमाणे विचारले. तिने मान हलविली. कागद निर्दोष झाला. घर एकसंध राहिले, याचे मला समाधानही वाटले. पुढे चवथीला ती माहेरी येईनाशी झाली, असे कानी आले.

1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 मध्ये गोव्यात लागू झाली. तिच्या वारसाक्रमात मुलगा व मुलगी असा भेद नव्हता, आणि 2012 च्या गोवा उत्तराधिकार कायद्यानेही तो केलेला नाही. देशभर हिंदू मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळावयास 2005 साल उजाडावे लागले. म्हणजे कायद्याने आमच्या लेकींना फार पूर्वीच दिले. आणि आम्ही ते भिडेच्या खळीने परत घेत आलो. मनापासून हक्क सोडणाऱ्या बहिणी नाहीत असे नव्हे. परंतु भिडेने दिलेला होकार आणि मनाने दिलेला होकार कागदावर सारखेच दिसतात. खळीचा गुण तोच, आणि दोषही तोच.

मतभेद उघड बोलून दाखविणे टोचते खरे. पण ते टोचणे तात्पुरते असते आणि सर्वांस दिसते. शिवण पक्की होण्यापूर्वी "मी इथे नको, तिथे" असे म्हणावयास प्रत्येक तुकड्याला वाव राहतो. मात्र समेट झाल्यावर जुने शब्द उगाळीत बसणे म्हणजे टाचणी वाकळीत विसरणे होय. ती वेळीच काढली पाहिजे.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात लोकसंग्रहाचा उपदेश आहे. माणसे एकत्र धरून ठेवणे हे थोर कर्तव्य खरेच. परंतु तोच भगवंत अठराव्या अध्यायात सर्व सांगून झाल्यावर अर्जुनाला म्हणतो, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे वाग. समोर साक्षात् ईश्वर असतानाही अर्जुनाचा होकार भिडेवर घेतलेला नाही.

आता असा कागद करावयाचा असला की मी बहिणीला एकटीला बसवून विचारतो, आणि आठ दिवसांनी पुन्हा यावयास सांगतो. काही भावांना ते टोचते. काही बहिणी आठ दिवसांनी तोच होकार घेऊन येतात, काही येत नाहीत. जो होकार परत येतो, त्यावरच मी शिवण घालतो.