विहिरीचा हिशेब

वसईच्या वाडीत विहिरीला पूर्वी मान होता, किंमत नव्हती. रहाट गेला, इंजिन आले, मग विजेचा पंप आला. तरी पाणी उपसले जाई ते केळी, पानवेल आणि फुलझाडे यांच्यासाठीच. पुढे इमारती वाढल्या, तेथे नळ पोहोचले नाहीत आणि टँकर वाडीच्या दारात उभा राहिला. पाण्याला प्रथमच दर आला. तो आम्ही घेतला, हे कबूल केले पाहिजे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली, तेव्हा मोर्चात आमचीच माणसे होती. विहिरी देणाऱ्यांतही आमचीच होती.

टँकरच्या धंद्याची वही उघडून पाहावी. डिझेल, चालकाचा पगार, टायर, विहीरमालकाचे पैसे. जमिनीतून कायमचे गेले त्याची नोंद कोठेच नाही. किनाऱ्यालगत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. भूजलशास्त्राचा ठोकताळा असा, की गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली तर खालचे खारे पाणी सुमारे चाळीस फूट वर सरकू शकते. ते शेजाऱ्याच्या विहिरीतही सरकते, आणि शेजाऱ्याने तर पैही घेतलेली नसते!

१८८२ च्या इझमेंट कायद्याने जमिनीखालचे पाणी काढण्याचा मालकाचा हक्क मानला. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने त्याला मर्यादा घातल्या. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १६६ संचालकांवर पर्यावरणरक्षणाचेही कर्तव्य टाकते, तर कलम १३५ मोठ्या कंपन्यांना नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यासाठी बाजूला काढायला लावते. चांगलेच आहे. परंतु हे दोन टक्के नफा मोजून झाल्यावरचे. तो नफा कोणाची विहीर आटवून आला, हे ते कलम विचारीत नाही. दोन टँकरांच्या मालकाला तर संचालक मंडळही नसते. त्याला जाब कोणी विचारावा?

तहानलेल्याला पाणी देऊ नका, असेही आम्हांला म्हणवत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिण्याचे पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क मानला आहे, आणि नालासोपाऱ्याच्या चाळीत राहणारा माणूसच आहे. मग जाब विचारणे विकणाऱ्यापासून, म्हणजे आमच्यापासूनच सुरू होते. टँकरला होकार देण्यापूर्वी काठावरून दोर सोडून पाण्याची खोली मोजावी, पाणी चाखून पाहावे आणि कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला विचारावे. तो नको म्हणाला, तर त्या उन्हाळ्यात पंप बंद ठेवण्याची आमची तयारी आहे काय?