शेजारच्या बाकावरचे मूल

भीती हा मनुष्याचा दोष मानावा की नाही, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न आहे. भीती कोणी निवडत नाही, ती येते. आणि जे निवडले नाही त्याचा जाब कसा मागावा, असा युक्तिवाद केला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. त्यातही भीती स्वतःच्या जिवाची नसून पोटच्या लेकराची असेल, तर आपण तिला जवळजवळ सद्गुणाच्या आसनावर बसवतो. आईबापांची काळजी म्हणून तिचे कौतुकच होते. या कौतुकाला मर्यादा कोठे घालावी, याचा विचार करताना मला अमेरिकेतील एका शाळकरी मुलाची हकीगत वारंवार आठवते.

रायन व्हाइट हा इंडियाना राज्यातील कोकोमो या कारखान्यांच्या गावचा मुलगा. जन्म ६ डिसेंबर १९७१ चा. रक्त नीट न गोठण्याचा हिमोफिलिया हा विकार त्याला जन्मापासून होता. अशा रुग्णांना निरोगी माणसांच्या रक्तद्रवातून काढलेला गोठणघटक टोचून घ्यावा लागे आणि त्याची एकेक खेप हजारो दात्यांचे रक्त एकत्र करून तयार होई. ज्या औषधाने रायनचे खेळणे-बागडणे शक्य केले, त्याच औषधातून एड्सचा विषाणू त्याच्या शरीरात शिरला. डिसेंबर १९८४ मध्ये न्यूमोनियामुळे त्याच्या फुप्फुसाचा काही भाग काढावा लागला, तेव्हा निदान झाले. तो नुकताच तेरा वर्षांचा झाला होता. डॉक्टरांच्या अंदाजाने त्याच्या हाती सहा महिने होते.

त्या सहा महिन्यांत त्याला काय हवे होते? त्याला शाळेत जायचे होते. मरणाच्या छायेत असलेल्या मुलाने एवढे साधे मागणे मागावे आणि तेच नाकारले जावे, यातच या कथेचे सारे दुःख आहे.

१९८५ च्या उन्हाळ्यात शाळेच्या अधिकाऱ्यांनी त्याला प्रवेश नाकारला. ११७ पालकांनी आणि ५० शिक्षकांनी त्याला शाळेत घेऊ नये अशा निवेदनावर सह्या केल्या होत्या. रायन घरी बसून दूरध्वनीवरून वर्गातील तास ऐकू लागला. न्यायालयीन लढाई होऊन २१ फेब्रुवारी १९८६ रोजी तो वर्गात गेला, त्या दिवशी शाळेतील ३६० मुलांपैकी १५१ घरी राहिली. त्याच दिवशी न्यायालयाचा मनाई हुकूम आला आणि त्याला पुन्हा घरी बसावे लागले. एप्रिलमध्ये तो कायमचा परतला, तेव्हा काही पालकांनी आपली मुले काढून घेऊन त्यांच्यासाठी निराळी शाळाच उघडली.

या पालकांना राक्षस ठरवणे सोपे आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. रोगाला एड्स हे नाव मिळून तीनच वर्षे झाली होती. रक्ताची तपासणी १९८५ मध्येच उपलब्ध झाली होती. उपाय काही नव्हता. तज्ज्ञांचे म्हणणे उद्या चुकीचे ठरले तर, ही शंका कोणत्या आईच्या मनाला शिवणार नाही? तिथवर त्यांची भीती क्षम्य होती, असेच मी म्हणेन.

परंतु भीतीलाही शिकण्याचे कर्तव्य असते. राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी कळवले होते की, या मुलापासून वर्गातील इतरांना धोका नाही. ऑगस्ट १९८५ मध्ये देशाच्या रोगनियंत्रण केंद्राने अशा बहुतेक मुलांना शाळेत येऊ द्यावे, असे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. हा रोग हवेतून, हस्तांदोलनातून, एका बाकावर बसण्यातून पसरत नाही, हे तेव्हाही सांगितले जात होते. रायनने तर वेगळे प्रसाधनगृह वापरणे, वापरून फेकण्याच्या ताटलीत जेवणे, व्यायामाच्या तासाला न जाणे या अटीही मान्य केल्या. भीती हलली नाही. उलट अफवा उठल्या, की तो लोकांना चावतो, दुकानातील भाज्यांवर थुंकतो. तो घरोघर वृत्तपत्रे टाकत असे. कागदातून रोग येईल म्हणून अनेकांनी वृत्तपत्र बंद केले. एके दिवशी घरी कोणी नसताना दिवाणखान्याच्या खिडकीतून बंदुकीची गोळी आत आली. पुरावा मिळाला तरी जी शमत नाही आणि पुरावा नसला की स्वतःच तो रचते, तिला मुलांची काळजी म्हणवत नाही. आणि तिची किंमत कोण मोजत होते? भिणाऱ्यांपैकी कोणी नव्हे. एक आजारी पोर आणि कारखान्यात नोकरी करणारी त्याची आई.

शाळेचे एक वेळ सोडून देऊ. रायनचे कुटुंब मेथडिस्ट पंथाचे, नियमाने देवळात जाणारे. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगापुढे साक्ष देताना त्याने सांगितले की, देवळातही लोक त्याच्याशी हस्तांदोलन करीत नसत. आपण दर रविवारी मिस्सामध्ये शेजाऱ्याकडे वळून शांतीचे चिन्ह देतो. तो हात आपण किती सवयीने पुढे करतो! त्या मुलाच्या बाकावर असतो, तर तो हात निघाला असता का, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात कुष्ठरोगी येशूकडे येतो. लेवीय नियमाप्रमाणे त्याची जागा वस्तीबाहेर. केवळ शब्दाने बरे करणे येशूला अशक्य नव्हते. तरी त्याने हात लांब करून त्याला स्पर्श केला. प्रवचनांत येथवर सांगितले जाते. पुढचे वाक्य मात्र पुष्कळदा निसटते. तो मनुष्य गावभर बातमी सांगत सुटला आणि त्यामुळे येशूलाच उघडपणे गावात शिरता येईना. तो बाहेर ओसाड जागी राहू लागला. बहिष्कृत आत आला आणि स्पर्श करणारा बाहेर गेला. १९८५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला मदर तेरेसा यांनी न्यू यॉर्कमध्ये एड्सग्रस्तांसाठी घर उघडले, १७ सप्टेंबर १९८७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन डोलोरेस मंदिरात पोप जॉन पॉल दुसरे यांनी एड्स झालेल्या एका लहान मुलाला कवेत घेतले, तेव्हा त्यांच्यासमोर हेच शुभवर्तमान होते.

येथे एका शब्दाविषयी बोलणे भाग आहे. रायनला सहानुभूती दाखवणारे पुष्कळ लोक त्याला ‘निष्पाप बळी’ म्हणत. ऐकायला हा शब्द दयाळू वाटतो. मात्र त्यात इतर रुग्ण पापाचे फळ भोगत आहेत, असा निवाडा दडलेला आहे. रायनने आणि त्याच्या आईने हा शब्द कधी पत्करला नाही. जन्मांध मनुष्याकडे पाहून शिष्यांनी येशूला विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने तो प्रश्नच मोडीत काढला. रोग कसा जडला याची चौकशी करून मग दया मोजून द्यायची, ही वृत्ती आपल्या धर्मग्रामांतही अपरिचित नाही.

१९८७ मध्ये व्हाइट कुटुंब कोकोमो सोडून सिसेरो या लहानशा गावी गेले. ३१ ऑगस्टला रायन तेथील हायस्कूलमध्ये गेला, तेव्हा प्राचार्यांनी आणि मुलांनी त्याच्याशी हस्तांदोलन केले. हीही माणसे इंडियानाचीच होती आणि गावही फार दूरचे नव्हते. फरक तयारीचा होता. तो येण्यापूर्वीच शाळेने मुलांना या रोगाची नीट माहिती दिली होती आणि ती मुलांनी घरोघरी नेली. तेथे तो मित्रांसह शिकला. ८ एप्रिल १९९० रोजी, झावळ्यांच्या रविवारी, अठराव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एड्सग्रस्तांच्या उपचारासाठी अमेरिकेने केलेल्या कायद्याला त्याचे नाव देण्यात आले.

आपल्याकडे अशा मुलांना शाळेत नाकारणे २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने निषिद्ध ठरवले आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. औषधोपचार नियमित असेल, तर अशी मुले आज मोठी होतात, संसार करतात. तरी २००३ मध्ये केरळात आणि २००९ मध्ये लातूर जिल्ह्यात वर्गाच्या दारात जे घडले, ते कोकोमोच्या हकिगतीची नक्कल वाटावी इतके सारखे होते.

राहून राहून मला त्या निराळ्या शाळेतील मुलांचा विचार येतो. रायनचे ते सवंगडी आज पन्नाशी ओलांडलेले असतील, त्यांचीही मुले शाळा संपवून गेली असतील. आपल्यावरच्या प्रेमापोटी आईबापांनी एका मित्राला बाहेर ठेवले, हे कळण्याचे वय त्यांना १९८६ मध्येच आले होते. त्या प्रेमाला ते आता काय नाव देत असतील?