डांबर संपल्यावर

ड्युअल स्पोर्ट मोटरसायकल म्हणजे नंबरप्लेट, दिवे, आरसे, विमा असे सगळे सोपस्कार सांभाळून रस्त्यावर धावणारी आणि डांबर संपले तरी माती, खडी, वाळू, ओढा यांतून वाट काढणारी गाडी. या जातीच्या पहिल्या यशस्वी गाड्यांत १९६८च्या यामाहा डीटी-१चे नाव घेतले जाते. अडीचशे सीसीची ती हलकी टू-स्ट्रोक गाडी होती. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस आणून तीच कल्पना लांब पल्ल्याच्या भारी गाडीवर चढवली. भारतात हीरोची इम्पल्स २०११ मध्ये आली, पण तेव्हा गिऱ्हाईक तयार नव्हते आणि काही वर्षांत ती गुपचूप बंद झाली. पुढे २०१६ मध्ये रॉयल एनफील्डची हिमालयन, मे २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २०० आणि २०२० मध्ये पुण्याजवळच्या चाकणला बनणारी केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर आली. एक्सपल्सची सुरुवातीची किंमत लाखाच्या आसपास होती, त्यामुळे हा शौक बंगलेवाल्यांपुरता उरला नाही. मुंबईत ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे अजूनही सगळे ज्याला डिलाईल रोडच म्हणतात तिथे, स्कूटरांच्या रांगेत मान उंच करून उभी असलेली अशी गाडी आता कुणाला नवलाची वाटत नाही. ती जिथे न्यायची ती माती मात्र तिथून बरीच लांब आहे.

या गाडीचा उंचपणा दिखाव्यासाठी नसतो. एक्सपल्स २००च्या पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा आहे आणि पुढचा शॉकअप १९० मिलिमीटर खाली-वर होतो. पुढचे चाक २१ इंचांचे, मागचे १८ इंचांचे. मोठ्या चाकाला दगडाची धार कमी कोनातून भेटते, म्हणून ते अडखळण्याऐवजी वर चढते. चाके बहुधा अ‍ॅलॉयची नसून स्पोकची असतात, कारण आदळल्यावर स्पोकची रिम वाकली तरी ठोकून-ओढून सरळ करता येते. अ‍ॅलॉय तडकले की संपले. हँडल रुंद असते, फूटरेस्टला दाते असतात आणि इंजिनाखाली धातूचा पत्रा असतो. हे सगळे फुकट मिळत नाही. सीट जमिनीपासून सव्वाआठशे मिलिमीटरच्या आसपास जाते आणि मध्यम उंचीच्या माणसाचे सिग्नलला चवडेच तेवढे टेकतात. गाडी दोन्हीकडची असल्याने दोन्हीकडे थोडी उणी पडते. डांबरावर ती स्पोर्ट्स गाडीइतकी वळत नाही, चिखलात मोटोक्रॉसच्या गाडीइतकी उडत नाही. नवख्याने एवढे मात्र जरूर लक्षात ठेवावे की मातीत इंजिनाच्या ताकदीपेक्षा गाडीचे वजन जास्त मोजावे लागते. दोनशे किलोची गाडी पडली की ती उचलण्यातच दिवस जातो.

मातीतले शिकणे रस्त्यावरच्या शिकण्याहून अवघड का, याचे उत्तर गाडीपेक्षा माणसाच्या सवयींत आहे. डांबर चालवणाऱ्याला पकडीची खात्री देते. तिथे चाक घसरले तर काहीतरी चुकले, आणि दहा वर्षे मुंबईत गाडी चालवलेल्या माणसाचे शरीर हे न सांगता जाणते. चाक हलले की तो हँडल आवळतो, रेस सोडतो, पाय खाली टाकतो आणि नजर चाकापुढच्या खड्ड्यात रोवतो. मातीत चाक घसरतच असते. ती तिथली रोजची स्थिती आहे. घसरणे आणि पडणे यांच्यात बरीच मोठी जागा असते आणि ऑफ-रोडचे सारे कौशल्य त्या जागेत वावरण्याचे आहे. पण वर सांगितलेल्या चारही सवयी त्या जागेतून माणसाला थेट जमिनीवर आणतात. ज्याला काहीच येत नाही तो पुष्कळदा लवकर शिकतो. पट्टीच्या रस्तेबहाद्दराला आधी विसरावे लागते.

पहिला धडा उभे राहण्याचा. फूटरेस्टवर उभे राहायचे, टाचा खाली, गुडघे टाकीला हलके लागलेले, कंबरेतून पुढे झुकलेले, कोपरे बाहेर आणि वर. उभे राहिल्याने गुरुत्वमध्य खाली येतो असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही, उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य वरच जातो. फायदा वेगळाच आहे. बसलेला माणूस आणि गाडी मिळून एकच गाठोडे होते, त्यामुळे गाडीला बसलेला प्रत्येक हिसका माणसालाही बसतो. उभे राहिले की घोटे आणि गुडघे शॉकअपसारखे काम करतात, गाडी खाली डाव्या-उजव्या बाजूला हेलकावे खाते आणि धड जागच्या जागी राहते. शिवाय नजर वर गेल्याने पुढचे लांबवर दिसते. हँडल मात्र बोटांनी धरल्यासारखे धरायचे. पुढचा टायर जमिनीला टेकतो ती जागा स्टीअरिंगच्या अक्षाच्या किंचित मागे असते, म्हणून भरकटलेले चाक आपणहून सरळ होऊ पाहते. घट्ट मुठी नेमके हेच होऊ देत नाहीत. अर्ध्या तासात ज्याचे दंड भरून येतात, तो हातांनी गाडी चालवतो आहे असे खुशाल समजावे.

ब्रेकच्या बाबतीत तर रस्त्यावरचे शहाणपण जवळजवळ उलटे होते. भारतात १२५ सीसीवरच्या नव्या मोटरसायकलींना २०१८-१९ पासून एबीएस सक्तीचे झाले आणि डांबरावर त्याने अनेकांचे जीव वाचवले असतील. सुट्या खडीत गणित बदलते. तिथे अडकलेले चाक आपल्यापुढे मातीची छोटी पाचर गोळा करते आणि ती पाचर गाडी थांबवायला मदत करते. एबीएस चाक अडकूच देत नाही, त्यामुळे उतारावर ब्रेक दाबूनही गाडी आपली घरंगळत राहते. म्हणून या गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला ठेवतात किंवा मागचे बंद करण्याची सोय देतात. मागचे चाक मुद्दाम अडकवून गाडीची शेपटी वळवणे हा सरावाचाच भाग आहे. पुढचा ब्रेक वर्ज्य नसतो. फक्त तो एका बोटाने, हळूहळू भार वाढवत दाबायचा असतो.

चढ आणि उतार इथे माणसाची खरी परीक्षा होते. चढाला लागणारी गती पायथ्यालाच घ्यायची, मध्यावर रेस वाढवली तर मागचे चाक फक्त माती उकरते. चढ पुरा झाला नाही तर नवखा हमखास क्लच दाबून पुढचा ब्रेक आवळतो. चढावर गाडीचा भार मागच्या चाकावर गेलेला असतो, पुढच्या हलक्या चाकाचा ब्रेक तिला धरू शकत नाही आणि गाडी माणसाला घेऊन उलटी घसरत येते. शहाणा मार्ग असा की गाडी गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद पडू द्यायचे. बंद इंजिनाचा दाब मागचे चाक पकडून ठेवतो, तेवढ्यात पाय टेकून श्वास घ्यावा आणि मग क्लच इंचाइंचाने सोडत-धरत गाडी वळवून खाली आणावी. उतरताना पहिला गिअर, क्लच पूर्ण सुटलेला, ढुंगण मागे. वाळूत वजन मागे नेऊन पुढचे चाक हलके ठेवायचे आणि भीती वाटली की रेस वाढवायची, हे ऐकायला सोपे आहे. ओढा आधी पायी ओलांडून पाहावा. पाण्याखालचा शेवाळलेला धोंडा पायाला कळतो, डोळ्याला कळत नाही.

डिलाईल रोडवर वाढलेल्या चालकाजवळ या विद्येतला एक भाग आयता असतो, आणि हे फारसे कुणी बोलून दाखवत नाही. ऑफ-रोडचा मोठा हिस्सा माणसाच्या चालीइतक्या वेगाचा असतो. अर्धा सुटलेला क्लच, मागच्या ब्रेकवर अलगद पाय, पाय न टेकता गाडी रांगवत नेणे, हीच त्याची मुळाक्षरे आहेत. लोअर परळ स्टेशनजवळचा डिलाईल पूल जुलै २०१८ मध्ये धोकादायक ठरून बंद झाला आणि पूर्णपणे खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडले. त्या पाच वर्षांत करी रोड, चिंचपोकळीकडून वळसा घालणाऱ्या दुचाकीवाल्यांनी क्लचचे जे काम केले, तेवढे एखाद्या शिबिरातही होत नाही. ओले पेव्हर ब्लॉक, खोदकामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटी, टॉवरच्या कामावरून निघालेल्या डंपरांनी सांडलेला राडा हेही ओळखीचे असते. पण यातून येते ते अर्धेच. गर्दीत तोल सांभाळायला शिकतो तो माणूस घसरायला शिकत नाही, कारण मागे बेस्टची बस असते. वाहत्या रस्त्यावर या कसरतींचा सराव करू पाहणाऱ्याला मूर्खच म्हटले पाहिजे.

पडणे हा या शिक्षणाचा अपघात नसून अभ्यासक्रम आहे. डिलाईल रोड ज्यात येतो त्या गिरणगावाला हे नवे नाही. लालबाग, परळ, डिलाईल रोडची गोविंदा पथके गुरुपौर्णिमेपासून सरावाला लागतात तेव्हा थर लावण्याइतकेच थर उतरवणे आणि कोसळणाऱ्याला झेलणे घोटून घेतात. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, पण ही शिस्त त्याआधीची आहे. मोटरसायकलीवर झेलायला खाली कुणी नसते, ते काम बूट आणि पॅड करतात. सर्वांत आधी पैसे घालावेत ते घोट्याच्या वर जाणाऱ्या कडक बुटांत, कारण गाडी आडवी होते तेव्हा तिच्याखाली सापडतो तो पायच. गाडी पडली की प्रथम इंजिन बंद करायचे. ती उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे पडते. मग तिच्याकडे पाठ करून उकिडवे बसायचे, एका हाताने वळवलेल्या हँडलची मूठ, दुसऱ्याने सीटखालची चौकट धरायची आणि कंबर ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागे-मागे पावले टाकायची. हे न येता एकट्याने आडवाटेला जाऊ नये. टायरची हवाही तशीच आधी बघून घ्यायची: रस्त्यावर तिशीच्या आसपास असलेले पीएसआय मातीत विशीच्या आसपास आणले की टायर पसरून पकड घेतो, मात्र ट्यूब असेल तर त्याहून खाली दगडावर आपटून पंक्चर ठरलेले, आणि डांबरावर परतताना पंप हवाच.

आता प्रश्न जागेचा, आणि मुंबईत तोच सगळ्यात अवघड आहे. पडायला मोकळी जमीन लागते. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ प्रमाणे गिरण्यांच्या जमिनींचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेकडे यायचा होता. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या भूखंडांपुरती केली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि मैदाने व्हायची तिथे मॉल नि मनोरे झाले. तिथे मोटरसायकलींना जागा मिळाली असती असे कुणी म्हणणार नाही. पण पोरांना धडपडायला मिळाली असती. शहराबाहेर पडणेही सरळ नाही. सागरी सेतू, ईस्टर्न फ्री-वे, कोस्टल रोड, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, या सगळ्यांवर दुचाकीला मनाई आहे. कुठेही जाऊ शकणारी गाडी नेमक्या चांगल्या रस्त्यांवर चालत नाही आणि वाशीच्या खाडीपुलावरून जुन्या वाटेनेच पनवेल गाठते.

पुढेही सगळी माती खुली नसते. अनेक गडकिल्ले संरक्षित स्मारके आहेत, अभयारण्यांत वन्यजीव कायदा लागू होतो. कासचे पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. तसल्या सड्यांवर मातीचा थर बोटभरच असतो आणि एका टायरच्या चरात पुढच्या पावसाळ्याची फुले जातात. समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो देखणे येतात, पण तिथे काही ठिकाणी कासवांची घरटी असतात आणि भरतीत रुतलेली गाडी खारे पाणी पिऊन कायमची आजारी पडते. शिकवणारी मैदाने देशात आहेत. २०१५ मध्ये डकार रॅली पुरी करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष याने बंगळुरूजवळ कोलारला असे मैदान उभारले. पुण्याला डर्ट ट्रॅक शर्यतींची जुनी परंपरा आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये सुपरक्रॉस लीगची पहिली शर्यत तिथेच झाली. ज्याला परवडते त्याने दोन दिवस प्रशिक्षकाच्या नजरेखाली जरूर काढावेत, कारण उभे राहण्यातली चूक स्वतःची स्वतःला दिसत नाही.

बाकीच्यांसाठी एक मैदान बहुतेक घरांत आधीच आहे. डिलाईल रोडची पुष्कळशी कुटुंबे मूळची कोकणातली नि घाटावरची, आणि गावी भाताची खाचरे असतात. कापणी झालेले खाचर शिकायला उत्तम: सपाट, चारी बाजूंनी बांध, पडले तर मऊ, ढेकळांमुळे चाक हवे तेवढे हलते, आणि हातभर बांध हा चढ-उताराचा पहिला धडा. गणपतीत ते जमत नाही, तेव्हा शेतात पीक उभे असते. शिमग्याला रान वाळलेले असते, चाकरमानी गावी असतो आणि चार दिवस हाताशी असतात. आठाचा आकडा काढावा, मागचे चाक घसरवून पाहावे, बांधावर मुद्दाम अडकून गाडी परत आणावी. सोबत एक माणूस असावा. आणि आधी सातबारा नीट वाचावा. त्यावर बहुधा डझनभर भाऊबंदांची नावे असतात, त्या सगळ्यांना विचारल्याशिवाय चाक बांधाच्या आत घालू नये.