अनुदान थकलं, तरी आश्रम चालला पाहिजे

ताई,



तुमचं पत्र दोनदा वाचलं. अनुदानाचा हप्ता अजून जमा नाही, किराण्याची उधारी वाढत चालली आहे आणि कार्यकारिणीत ‘काही महिने वृद्धाश्रम बंद ठेवू’ असा सूर निघतोय, असं तुम्ही लिहिलंत. माझं मत आधीच सांगतो. बंद ठेवू नका. आणि काटकसरीची सुरुवात मावशींच्या पगारापासून तर मुळीच करू नका.

पुष्कळ संस्था नेमकी तिथूनच सुरुवात करतात, कारण खर्चाच्या बाजूला तोच आकडा मोठा दिसतो. रात्रपाळीची मावशी काय करते, ते मात्र हिशेबात दिसत नाही. अंथरुणाला खिळलेल्या आजींची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत. कोणत्या आजोबांना गोळी चुरडून द्यायची, कोण ‘प्यायलो पाणी’ म्हणून भरलेला पेला तसाच उशाशी ठेवतं, हे तिला न सांगता कळतं. दोन महिने पगार चुकला की ती एखाद्या इस्पितळात कामाला लागेल, आणि मग अनुदान आलं तरी परत यायची नाही. म्हणून पैसे अपुरे असतील तेव्हा कुणाला आधी द्यायचं याचा क्रम ठरवा आणि त्याचा रीतसर ठराव करून घ्या. औषधं आणि जेवण पहिलं, मग सर्वांत कमी पगार असलेल्यांचा पगार, मग वीज, भाडं आणि बाकीची देणी. पदाधिकाऱ्यांचं मानधन आणि प्रवासखर्च अगदी शेवटी. किराणावाल्याला तोंड चुकवू नका. त्याला बोलावून खरी परिस्थिती सांगा, दर आठवड्याला थोडी का होईना रक्कम द्या. शब्द पाळणाऱ्याला दुकानदार उधार देतो.

आता सरकारदरबारी. अडलेला पैसा नेमका कुठे अडला आहे, हे आधी शोधून काढा. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेतलं अनुदान असो की राज्याचं, ते पुष्कळदा कागदांतच अडकतं: तपासणी अहवाल पुढे गेलेला नसतो, लेखापरीक्षण राहिलेलं असतं, किंवा मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र बाकी असतं. केंद्राच्या वित्तीय नियमांत या प्रमाणपत्राला आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांची मुदत आहे. तुम्ही ती वापरूच नका. एप्रिलमध्ये हिशेब बंद करा आणि जूनच्या आत कागद पोचता करून पोच घ्या. अनुदानाचं बँक खातं वेगळं ठेवा. त्यावरचं व्याज संस्थेचं नसतं, ते सरकारकडे परत भरायचं असतं. हे ठाऊक नसल्यामुळे चांगल्या संस्थांवर आक्षेप निघालेले आहेत. आपले कागद पूर्ण असूनही उत्तर मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकारात फाइल कोणत्या टेबलावर आणि किती दिवस आहे ते विचारा. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. समाजकल्याण अधिकाऱ्यांशी भांडण नको, पण लेखी पाठपुरावा हवाच.

पत्र लिहिताना याचना करू नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार वृद्धांचं वृद्धाश्रम सरकारने उभारावं, अशी तरतूद आहे. आपण करतोय ते त्याच कामाचा भार उचलणं आहे, तेव्हा ताठ मानेने बोला. जिल्ह्यातल्या इतर संस्थांचंही अनुदान थकलं असेलच. सगळ्यांची एकत्र, तारखांसकट यादी करून जिल्हाधिकाऱ्यांना आणि आमदारांना द्या. मात्र आमदार निधीवर पगाराची भिस्त ठेवू नका, तो बांधकामासारख्या कामांसाठी असतो. आमदारांना प्रश्न मांडायला सांगा.

तोवर खर्च कुठे हलका होतो ते पाहा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. तुमच्याकडे किती जणांचं कार्ड निघालंय? आधारवरची जन्मतारीख चुकलेली असते, बोटांचे ठसे उमटत नाहीत, म्हणून हे काम मागे पडतं. दोन तरुण स्वयंसेवक फक्त याच कामाला लावा. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन कुणाचं हयातीच्या दाखल्यावाचून बंद पडलंय का, तेही त्यांना बघू द्या. पण ते पैसे त्या आजी-आजोबांचे आहेत. संमतीने त्यांनी काही दिलं तर पावती करून घ्या. पासबुकं संस्थेच्या कपाटात कुलूपबंद करून ठेवू नका.

देणग्यांचं म्हणाल, तर लोक देतात, पण एकाच वेळी आणि एकच वस्तू देतात. पितृपक्षात चार घरांतून श्रीखंड-पुरी येते, निम्मे आजोबा मधुमेही, आणि फेब्रुवारीत तूरडाळीचा डबा रिकामा. म्हणून दर महिन्याला गरजेची यादी दारात लावा, व्हॉट्सॲपवर पाठवा: डाळ, तेल, मोठ्यांचे डायपर, रक्तदाबाच्या गोळ्या. वाढदिवसाला जेवण घालणाऱ्यांना कायम तिथीची रक्कम सुचवा. ती मुदत ठेवीत राहील आणि व्याज दरवर्षी येईल. २००० रुपयांवरची रोख देणगी करसवलतीला चालत नाही, तेव्हा धनादेश किंवा ऑनलाइनच मागा. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीच्या यादीत वृद्धाश्रम आणि दिवसभराची केंद्रं स्पष्टपणे आहेत. औद्योगिक वसाहत जवळ असेल तर नोंदणीचे कागद आत्ताच तयार ठेवा, मार्चमध्ये धावाधाव करून ते होत नाहीत. न्यासाच्या नावावर कर्ज काढायची वेळ आली, तर धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय एक पाऊलही टाकू नका.

आणि इतकं करूनही भागलं नाही, तर नवे प्रवेश थांबवा. आहेत त्यांना बाहेर काढू नका. एखाद्याला घरी पाठवायचा विचार निघाला, तर आधी त्यांनाच विचारा. ज्या घरात मारहाण झाली, जिथून त्यांना बसस्टँडवर आणून सोडलं, तिथे त्यांना परत धाडण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसऱ्या संस्थेत जागा पक्की झाल्याशिवाय, आणि तिथला माणूस त्यांना प्रत्यक्ष भेटून गेल्याशिवाय, कुणालाही हलवू नका. पैसे अडलेत हे त्यांना सांगाच. त्यांना आधीच कुणकुण लागलेली असते आणि आपल्या गप्प राहण्याचा अर्थ ते सर्वांत वाईट लावतात.

गेल्या पाच वर्षांत प्रत्येक हप्ता कधी मंजूर झाला आणि कधी जमा झाला, याची तारीखवार यादी मला पाठवा. दोन्हींतलं अंतर कळलं की किती महिन्यांचा खर्च राखीव ठेवायचा ते आपण मिळून ठरवू. जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदाही सोबत धाडा, मी तो तपासून देतो. कार्यकारिणीची बैठक त्यानंतरच बोलवा.

तुमचा स्नेहांकित,
एक जुना कार्यवाह