पुसण्याआधीची जागा

फळा पुसणे हा माझा रोजचा व्यवसाय. फळा पुसला की फळाच उरतो; या एवढ्याशा अनुभवावरून मी अशी समजूत करून घेतली होती की, कोणतीही गोष्ट पुसून टाकली म्हणजे ती घडण्यापूर्वीची स्थिती आपोआप परत मिळते. या समजुतीला गेल्या दिवाळीत आमच्या वडिवळ्याच्या ओटीवर माझ्या पुतण्याने तडा दिला, आणि तोही बोलण्याच्या ओघात, सहज!

हा मुलगा पुण्यात हलती चित्रे करणाऱ्या एका स्टुडिओत नोकरीला आहे. दिवाळीला गावी आला तरी लॅपटॉप काही त्याला सोडीत नाही. वसुबारसेच्या संध्याकाळी तो ओटीवर बसून एक दृश्य रचीत होता. एक म्हातारा कंदील घेऊन घरातून निघतो आणि भातखाचराच्या बांधावरून चालत येतो, एवढेच. पण एका सेकंदाला चोवीस चित्रे लागतात. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आणला, त्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे थोड्या थोड्या वेळाने चित्र घेऊन अंकुराची वाढ दाखविली होती. तो खटाटोप आता संगणक करतो. ‘ब्लेंडर’ नावाच्या प्रणालीत माणसाने फक्त मोक्याच्या जागा सांगायच्या: पहिल्या चौकटीला म्हातारा दारात, शंभराव्याला बांधावर. मधली पावले यंत्र भरते. या मोक्याच्या चौकटींना ‘की-फ्रेम’ म्हणतात. ज्या गुणाला अशी खूण दिलेली असते त्याचा रकाना त्या चौकटीवर पिवळा दिसतो आणि इतर चौकटींवर हिरवा.

वरून निरोप आला की चाल आवडली नाही, नव्याने करा. म्हातारा, कंदील, बेडूक, भाताच्या लोंब्या मिळून पुष्कळ वस्तू होत्या. एकेकीच्या रकान्यावर जाऊन खुणा काढाव्यात तर रात्र गेली असती. पोराने पायथन भाषेत चार ओळी लिहिल्या: प्रत्येक वस्तू घे, तिची सारी हालचाल काढून टाक. बटण दाबले, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सगळे पिवळे-हिरवे रकाने करडे पडले.

मी म्हाताऱ्याकडे पाहत होतो. मला वाटले, आता हा दारात जाऊन उभा राहील. तो तसूभरही हलला नाही. एक पाऊल उचललेले, तसाच बांधावर.

“हा घरी का नाही गेला रे?”

“नाना, पुसलं तेव्हा तो तिथं होता ना! चाल पुसली, जागा नाही. त्याला दारात न्यायचा असला तर आधी पहिल्या चौकटीवर जायचं, मग पुसायचं. माझंच चुकलं.”

त्याचे आणखी एक चुकले होते. कंदील हलला की ज्योत त्याच्या मागे झुकावी, अशी त्याने दोघांची गाठ घालून दिली होती. ती गाठही त्या चार ओळींनी तोडली. यंत्राचा काय दोष? ‘सारे काढ’ म्हटले, त्याने सारे काढले. चुकीची तेवढी चाल हातांनी काढली असती तर वेळ लागला असता, पण ज्योत शाबूत राहिली असती.

तो कामाला लागला आणि मी अंगणाच्या कडेकडे पाहत राहिलो.

या पोराचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, याच अंगणाच्या कडेला उभा राहून माझ्याशी बोलतो. आत येत नाही. अकरा वर्षांपूर्वी आमचे बांधावरून वाजले. खरे-खोटे आता सांगत नाही. बांध कोणी सरकवला याविषयी माझे मत ठाम आहे, आणि त्याचेही. शेवटी आई म्हणाली, “झालं गेलं पुसून टाका रे.” आम्ही दोघांनी मान डोलावली. त्या दिवसापासून त्या भांडणाचा शब्द कोणी काढला नाही. मी याला क्षमा समजत होतो, आणि मनातल्या मनात स्वतःला थोडे मोठेही समजत होतो.

पण आईने ते म्हटले त्या घडीला धाकटा अंगणाच्या कडेला उभा होता आणि मी उंबऱ्यात. आम्ही नेमके तिथेच राहिलो. शिवाय भांडणाबरोबर आमची सावडही गेली. लावणीला आधी त्याचे खाचर, मग माझे, अशी आमची वर्षानुवर्षांची रीत. तिने कोणाचे काय वाकडे केले होते? दोघेही आता मजूर लावतो.

वर्गात मी हेच करीत आलो असेन. चोरी केलेल्या मुलाला “मागचं विसर” असे मायेने सांगितले. पण ते सांगताना तो शेवटच्या बाकावर, एकटा बसलेला होता. त्याला कोणी पुढे आणून बसवले? मी तर नाही.

यावर एक आक्षेप मीच घेतो. मागे जायचे म्हणजे खपली काढायची. पहिल्या चौकटीवर जाताना मधल्या सगळ्या चौकटी उलट्या दिसणार. ते बोलणे, ती मोजणीची दोरी, मी काढलेला तो एक शब्द. काही घरांत न बोलणे हाच शहाणपणा असतो, हे मला मान्य आहे. परंतु पोराने आणखी एक गोष्ट सांगितली. पुसलेली चाल लगेच नष्ट होत नाही. ती त्या फाइलीत कोणाचीही नसलेली अशी पडून राहते; फाइल जतन करून, बंद करून पुन्हा उघडली, की मगच जाते. आमच्या घरातही एक बेवारशी भांडण अकरा वर्षे पडून आहे. ना त्याचे, ना माझे.

पाडव्याच्या सकाळी मी धाकट्याच्या दारात गेलो. तो खराट्याने अंगण झाडीत होता.

“चल, बांधावर जाऊन येऊ,” मी म्हणालो.

“आता? कशाला, दादा?”

“मोजायला नाही. नुसतं.”

तो खराटा धरून थोडा वेळ उभाच राहिला. मग खराटा भिंतीला टेकवून चपला शोधू लागला.