मागे राहिलेली माऊली (गीता, अध्याय ६, श्लोक ३२)



आज सहाव्या अध्यायातला बत्तिसावा श्लोक. हा अध्याय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एकटा बसलेला योगी येतो. स्वच्छ जागा, फार उंच नाही फार खाली नाही असं आसन, ताठ पाठ, स्थिर नजर. दहाव्या श्लोकापासून भगवंत त्या एकांताचंच वर्णन करतात. आपल्यातले बरेच जण तिथेच थांबतात. सकाळी वीस मिनिटं डोळे मिटले, ॲपवर हिरवी टिकमार्क आली, झाला योग.

पण तोच अध्याय बत्तिसाव्या श्लोकात वेगळीच परीक्षा घेतो. तिथे आसनाचा विषयच नाही. भगवंत म्हणतात, दुसऱ्याचं सुख आणि दुसऱ्याचं दुःख जो आपल्यावरून ओळखतो, ते आपलंच मानतो, तो योग्यांमध्ये श्रेष्ठ. म्हणजे शिकवणी एकांतात, पेपर मात्र माणसांत. आणि माणसांत म्हणजे जगात नंतर, आधी घरात.

या पेपरात मी कसा नापास झालो, ते आज सांगतो.

आम्ही दोघं नवरा-बायको मूळचे उमरेडचे, नोकरीला पुण्यात. २०२० मध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला. माझं काम घरून चालण्यासारखं होतं. मी दोन दिवसांत ठरवलं, फ्लॅट सोडला, सामान ट्रकमध्ये भरलं आणि आम्ही उमरेडला आलो. बायकोचं काम लॅबमधलं, ते घरून होणारं नव्हतं. तिने राजीनामा दिला. काही बोलली नाही. मला वाटलं, समजूतदार आहे.

तीन वर्षं गेली. बाबा काठी धरून चालायला लागले. घरात भांडण नव्हतं, पण बोलणंही फारसं नव्हतं. गॅस बुक केला का, गोळ्या आणल्या का, वायफाय का चालत नाही, एवढंच. २०२३ च्या उन्हाळ्यात एक दिवस ती म्हणाली, "मला आळंदीपासून पायी वारी करायची आहे." मी लगेच म्हटलं, "चल, मीही येतो, तुझ्या सोबतीला." हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

लहानपणी आमची आषाढी म्हणजे धापेवाडा. विदर्भाची पंढरी. एसटीने जायचं, दर्शन घ्यायचं, संध्याकाळी परत. सुमारे २५० किलोमीटर पायी चालायचं म्हणजे घरच्यांना काळजीच. पण बहीण येऊन राहिली आणि आई म्हणाली, "जा बाप्पा दोघंही. आम्ही आहो ना इथं."

११ जूनला आळंदीहून माऊलींच्या पालखीचं प्रस्थान होतं. ओळखीच्या एका काकांमुळे आम्हाला रथामागच्या एका दिंडीत जागा मिळाली. भिशी भरली, बॅगा दिंडीच्या ट्रकमध्ये टाकल्या. माझ्या डोक्यात चित्र होतं, आम्ही दोघं शेजारी-शेजारी चालतोय, मधे मधे फोटो काढतोय. पहिल्याच सकाळी ते चित्र पुसलं गेलं. दिंडीला क्रम असतो. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी, आणि त्यांच्या मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावली. ते शिंद्यांच्या पदरचे सरदार, त्यामुळे इथल्या चालण्यात फौजेची शिस्त आणि भजनाचा ठेका दोन्ही आहेत. मला टाळ देऊन पुढे पाठवलं, तिला तुळशीच्या रांगेत मागे. रात्री झोपायचे तंबूही वेगळे. जोडीने वारी करायला आलो आणि दिवसभर एकमेकांचं तोंडही दिसेना!

१४ जूनला योगिनी एकादशी. पुण्याहून सासवड, तीसेक किलोमीटर, मधे दिवे घाट. त्या वर्षी पाऊस लांबला होता. घाटात सावली नाही, उपास, आणि डांबर तापलेलं. मला मात्र चढताना जोर आला. टाळ वाजत होते, पाय आपोआप पडत होते. घड्याळात पावलं बघत होतो. सासवडला पोहोचलो तेव्हा मी खुशीत होतो.

बायको आली नव्हती. फोन लागेना, सगळ्यांचेच लागत नव्हते. दोन-अडीच तासांनी ती आली. परभणीकडच्या एका मावशींनी तिचा हात धरला होता. दोन्ही तळव्यांना मोठे फोड आलेले, एक फुटलेला. तिच्यासाठी त्या मावशींनी आपली दिंडी पुढे जाऊ दिली होती आणि तिच्या चालीने चालत आल्या होत्या. ओळख ना पाळख. मला म्हणाल्या, "माऊली, लेकरू दमलंय, पाणी द्या."

आणि मी पहिलं वाक्य काय बोललो असेन? "किती वेळ!"

तिने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सासवडला मुक्कामच होता. मी मलम आणलं, पट्टी आणली. ती "थँक्यू" म्हणाली. नवरा-बायकोतलं असं "थँक्यू" ज्यांनी ऐकलंय, त्यांना ते किती लांबून येतं ते माहीत असेल.

१६ तारखेला जेजुरी. संध्याकाळी तळावर समाजआरतीला आम्ही दोघं उभे होतो. हे दृश्य प्रत्येकाने एकदा बघावं. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या, हजारो टाळ एकदम वाजतायत. मग चोपदार हातातला दंड उंच करतात आणि क्षणात सगळं शांत होतं. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती गप्प बसत नाही, टाळ वाजवत राहते. त्या शांततेत तेवढाच आवाज ऐकू येतो. चोपदार तिथे जातात, काय झालं ते विचारतात, ऐकून घेतात. मग ते टाळ थांबतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची यादी वाचली जाते आणि मगच आरती होते. तक्रार ऐकल्याशिवाय आरती नाही!

त्या दिवशी एका कोपऱ्यातून टाळ वाजत राहिले. मी कौतुकाने बायकोला म्हटलं, "बघ, काय सिस्टीम आहे." ती तिकडेच बघत म्हणाली, "आपल्याकडे चोपदार नाही."

मी नोकरीत दिवसभर लॉग वाचतो. कुठला अलर्ट वाजला, कधी वाजला, कोणी पाहिला. तिथे एक नियम आम्ही नव्या मुलांना शिकवतो, की सिस्टीम शांत आहे म्हणजे ती ठीक आहे असं नाही, कदाचित तिने बोलणंच बंद केलं असेल. हे शिकवणाऱ्याच्या घरात तीन वर्षं टाळ वाजत होते आणि मी त्याला शांतता समजत होतो.

जेवणं झाल्यावर आम्ही ट्रकच्या आडोशाला बसलो. समोर गडावरचे दिवे. लग्नानंतर पुण्याहून इथेच आलो होतो, रिवाजाप्रमाणे तिला उचलून पाच पायऱ्या चढलो होतो. मी विचारलं, "तुझी काय तक्रार आहे?"

बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, "घाटात तू पुढे गेलास त्याचं काही नाही. दिंडीचा क्रमच तसा आहे. पण उमरेडला यायचं ठरलं, तेव्हाही तू असाच पुढे निघून गेला होतास. मी मागून आले. तू विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं रे. बाबा माझेही आहेत. पण तू विचारलंच नाहीस."

मंडळी, माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आता पुन्हा श्लोकाकडे या. "आत्मौपम्य" या शब्दाचा अर्थ आपण सोयीने उलटा लावतो. मला घाटात त्रास झाला नाही, म्हणजे तिलाही होत नसेल. मला उमरेडला बरं वाटतंय, म्हणजे तिलाही वाटत असेल. हेही "आपल्यावरून ओळखणं"च की! पण ते स्वतःची फूटपट्टी दुसऱ्याला लावणं झालं. भगवंत सांगतात ते वेगळं आहे. माझा पाय दुखला की मला तो जितका खरा वाटतो, तितकाच दुसऱ्याचा पाय खरा वाटला पाहिजे. आणि मला दिसत नसेल, तर विचारलं पाहिजे. त्या परभणीच्या मावशींनी ज्ञानेश्वरी किती वाचली होती मला माहीत नाही. पण त्यांनी त्या दिवशी घाटात बत्तिसावा श्लोक चालून दाखवला. मी मात्र "सोबतीला" आलो होतो.

वारीत सगळेच एकमेकांना माऊली म्हणतात. पोलीस माऊली, टँकरवाला माऊली, वाट अडवणाराही माऊली. पहिले काही दिवस मी बायकोला गमतीने "ओ माऊली" अशी हाक मारायचो. जेजुरीनंतर दुसऱ्या संध्याकाळी हरिपाठ झाला आणि रिवाजाप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाया पडू लागले. फिरता फिरता ती समोर आली. लहान-मोठं, बाई-पुरुष तिथे कोणी बघत नाही. मी वाकलो. ती हसली आणि म्हणाली, "फोडाला हात लावू नकोस." त्या वारीतलं मला मिळालेलं पहिलं दर्शन ते.

पुढे नीरा ओलांडली, रिंगणं पाहिली. मी अजूनही पुढे, ती मागेच. पण आता विसाव्याला थांबलो की मी रांगेत मागे जाऊन विचारायचो, "पाय कसे आहेत?" एवढंच. अंतर तेवढंच होतं, पण लांब वाटत नव्हतं.

एकादशीला पंढरपुरात गर्दीमुळे आम्ही कळसाचं दर्शन घेतलं. तिथे उभं असताना एक गोष्ट नव्याने कळली. पंढरपुरात विठोबा आणि रखुमाई एका गाभाऱ्यात नाहीत, तिचं मंदिर मागे, वेगळं. आपली रखुमाई म्हणजे विदर्भाची लेक, अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठच्या कौंडण्यपूरची. तिथून आजही तिची पालखी पंढरीला येते. कथा अशी की ती रुसून द्वारकेहून निघाली, दिंडीरवनात येऊन बसली, आणि देव तिला शोधत मागून आला. लहानपणापासून ऐकलेली कथा. पण देव मागून आला, हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. "एवढ्याशा गोष्टीसाठी रुसली?" असा निरोप त्याने द्वारकेहून पाठवला नाही. तो स्वतः निघाला.

घरी आल्यावर सगळं सुरळीत झालं असं सांगणार नाही. तिची गेलेली तीन वर्षं मला परत देता येत नाहीत. बाबांचा सकाळचा व्यायाम आता माझ्याकडे आहे. ती आठवड्यातले तीन दिवस नागपूरला कामाला जाते, सकाळच्या एसटीने. पगार पूर्वीपेक्षा कमी. कधी कधी अजूनही टाळ वाजतात. माझेही वाजतात. पण आता एकजण तरी दंड वर करून विचारतो.

आणि हे अवघड वाटत असेल तर घाबरू नका. बत्तिसावा श्लोक ऐकून अर्जुनानेही लगेच हात टेकले. म्हणाला, मन वाऱ्यासारखं आहे, हे साम्य माझ्याच्याने टिकणार नाही. भगवंत त्यावर रागावले नाहीत. अवघड आहे हे मान्य करून त्यांनी दोन उपाय सांगितले, अभ्यास आणि वैराग्य. वैराग्याचं पुढे बोलू. आजचा अभ्यास तेवढा करा.

आज घरातल्या एका माणसाला, जे "काही नाही" म्हणून गप्प आहे त्याला, विचारा, "तुझी काय तक्रार आहे?" आणि उत्तर येईपर्यंत आरती सुरू करू नका.

राम कृष्ण हरी.