मेलेल्या घोडीची वर्दी

घोडी मेलेली दिसली तेव्हा सकाळचे 7:40 झाले होते. 7:46 ला मी सरपंचांना फोन केल्याचं कॉल लॉगमध्ये दिसतं. दहाच्या आत जेसीबी आला, साडेअकराला खड्डा बुजवून झालाही होता. गावात इतक्या वेगाने काही होताना मी याआधी पाहिलेलं नाही.

हीच घोडी जिवंत असताना मी तिला अकरा दिवस रोज पाहत होतो. तिचा फोटोही काढला होता, पण तो कोणालाच पाठवला नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. जुलैमध्ये आजीला बरं नव्हतं म्हणून गोंदिया जिल्ह्यात, आमगाव तालुक्यातल्या आमच्या गावी राहून काम करत होतो. घरात रेंज येत नाही, बोडीच्या पाळीवर येते. त्यामुळे सकाळी आठच्या कॉलसाठी मी लॅपटॉप आणि छत्री घेऊन पाळीवर जायचो. तिथे बाभळीला ती बांधलेली असायची. पांढरी घोडी, पुढच्या पायांना पायबंद, बरगड्या मोजता येतील अशा. खूर वाढून पुढून वर वळलेले. तंग आवळतात त्या जागी जखम, तिच्यावर माश्या. समोर भिजलेल्या तणसाचा ढीग.

तिला ओळखायला मला दोन दिवस लागले. मे महिन्यात चुलतभावाच्या वरातीत हीच होती. अंगावर आरशांची झूल होती आणि डीजेच्या भिंतीपुढे ती इतकी शांत उभी होती की आम्ही सगळ्यांनी तिच्यासोबत सेल्फी काढले.

ती अशी का बांधली होती हे कळायला अवघड नव्हतं. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं नसतात, म्हणजे चार महिने वरात नाही आणि कमाईही नाही. त्यात आमच्याकडे हे रोवणीचे दिवस. बांधी न् बांधी धानाने भरलेली, धुऱ्यांवर तूर. मोकळं सोडलं की जनावर कोणाच्या तरी पऱ्ह्यात तोंड घालणार आणि संध्याकाळी भांडण. म्हणून बांधून ठेवायचं आणि धानाचा जिल्हा असल्याने घरात जे मुबलक असतं ते, म्हणजे तणस, पुढे टाकायचं. गाय-बैल तणसावर निभावून नेतात. त्यांचं पोट चार कप्प्यांचं असतं आणि ते रवंथ करतात. घोडा रवंथ करत नाही. कोरडं, जाड तणस त्याच्या आतड्यात साचून गच्च बसू शकतं. घोड्याला उलटीही करता येत नाही, त्यामुळे पोट बिघडलं की बाहेर काढायचा तो रस्ताही बंद. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या अकरा दिवसांतही वाचू शकलो असतो, मोबाइल हातातच होता.

मी गप्प का राहिलो? आळस हे उत्तर मला पटत नाही, कारण मी या विषयावर बराच विचार करत होतो. चांगला, व्यवस्थित विचार. तो असा होता: तक्रार केली तर ती जाणार कोणावर? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा आहे. त्याच्या कलम 11 मध्ये जनावराला पुरेसं अन्नपाणी न देणं हा गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. दंड किरकोळ, पण पोलिस घरी येणं किरकोळ नसतं. घोडीवाले काका चार महिने दुसऱ्यांच्या बांधीत रोवणीला जातात. महिन्याचा पगार खात्यात पडणारा मी पाळीवर उभा राहून फोटो काढणार, आणि झळ त्यांना बसणार. ज्याची ऐपत नाही त्याच्या दुर्लक्षाला क्रूरता म्हणायचं का?

या प्रश्नात तथ्य आहे, असं मला अजूनही वाटतं. जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितलं, तेव्हा त्याच निकालात या गाड्यांवर जगणाऱ्या कुटुंबांच्या पुनर्वसनाची योजना करायलाही सरकारला बजावलं होतं. घोडा आणि घोडेवाला यांचा विचार एकाच कागदावर करावा लागतो, हे न्यायालयालाही दिसलं होतं. माझा युक्तिवाद याच जातीचा होता. फक्त त्याची मला एक सोय होती. तो केला की मला काहीच करावं लागत नव्हतं, आणि वर आपण संवेदनशील आहोत असंही वाटत होतं.

मेलेल्या घोडीच्या बाबतीत असा काही पेच पडला नाही. कोणाचं नाव घ्यायचं नव्हतं. वास सुटायच्या आत उचला, एवढंच सांगायचं होतं.

आमच्या जिल्ह्यात सारस पक्षी आहेत. महाराष्ट्रात ते जवळपास इथेच उरलेत. विजेच्या तारेला लागून एखादा सारस मेला तर वन विभागाची माणसं येतात, पंचनामा होतो, पेपरात येतं. घोडीला मालक असतो. मालक आहे म्हटलं की बाकी गावाने तिच्याकडे बघायचं काम संपतं. माझंही संपलं होतं.

आता जेसीबीचं सांगतो. ड्रायव्हर खाली उतरलाच नाही. पायाला दोर बांधल्याशिवाय घोडी ओढता येईना. पाळीवर आम्ही सात-आठ जण उभे होतो. दोर कोणी बांधायचा हे कोणी बोललं नाही, पण एकाने रस्त्यापलीकडच्या वस्तीत फोन लावला. थोड्या वेळाने तिथून एक माणूस आला, दुपट्टा नाकाला गुंडाळून, उघड्या हातांनी त्याने दोर बांधला आणि बाजूला झाला. फोन मी केला होता. माझ्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. मला काय वाटलं म्हणाल तर खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

मेलेलं जनावर उचलणं हे या देशात कधीच नुसतं सफाईचं काम नव्हतं. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. मेलेली ढोरं ओढणं सोडणं हाही त्या चळवळीचाच भाग झाला. 2016 च्या जुलैमध्ये गुजरातेत उनाला मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली. त्यानंतर सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली जनावरं थेट कलेक्टर कचेरीसमोर आणून टाकली. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. तो व्हिडिओ मी शेअर केला होता, खाली काहीतरी कडक लिहूनही. नऊ वर्षांनी पाळीवर मी दोराकडे हात केला नाही.

ऑफिसात आम्ही तिकीट टाकतो. काही बिघडलं की तिकीट, ते कोणाला तरी असाइन होतं आणि आपल्या डोक्यावरून उतरतं. मी सरपंचांना केलेला फोन म्हणजे असंच तिकीट होतं. असाइन कोणाला होणार हे मला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही, गाव माझंच आहे. घोडी कशाने मेली हेसुद्धा मी विचारलं नाही, कोणीच विचारलं नाही. घोड्यांना ग्लँडर्स नावाचा रोग होतो. तो माणसालाही लागू शकतो, आणि संशय आला तर पशुवैद्यकाला कळवावं लागतं. तसा संशय येण्यासारखं इथे काही नव्हतं. पण त्या उघड्या हातांचा विचार करणारं पाळीवर कोणी नव्हतं, हे खरं.

संध्याकाळी मी काकांच्या घरी गेलो. ते ओसरीत बसले होते. काय बोलायचं ते मी ठरवून गेलो होतो, ते सगळं राहिलं आणि एवढंच निघालं की काका, मला दिसत होती ती, मी कोणाला सांगायला हवं होतं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "तू तं रोज पाळीवर उभा राहे, बापू. मले वाटे, घोडीले काही झालं तं पोरगा सांगन."

मी म्हटलं, मला भीती वाटली, तुमच्यावर केस होईल.

"केस कायची? डाक्टर तं आला असता." मग थोडं थांबून, "मले वाटलं, ढोराचा डाक्टर घोडीले पाहत नसन."

पशुवैद्यकीय सेवेचा 1962 हा फुकटचा नंबर आहे, तो घोड्यासाठीही चालतो. अकरा दिवस माझ्या डोक्यात कायदा होता, गरिबी होती, न्यायालय होतं. हा नंबर नव्हता. तिथून शंभर पावलांवर असलेलं काकांचं घरही नव्हतं. मी कळवणं म्हणजे तक्रार करणं, असं धरूनच चाललो होतो. मराठीत त्यासाठी 'वर्दी देणे' असा एक शब्द आहे, आग लागल्याची वर्दी देतात तो. आग कोणी लावली हे वर्दी देणाऱ्याला सांगावं लागत नाही. माझ्या पिढीला वर्दी म्हटलं की पोलिसाचा युनिफॉर्मच आठवतो. मलाही तोच आठवायचा.

सगळेच मालक काकांसारखे नसतात, हे मला कळतं. जखमेवर तंग आवळून वरातीला नेणारेही असतात, आणि तिथे तक्रारच करावी लागते. पण कोणता माणूस कोणता, हे पाळीवर उभं राहून ठरवता येत नाही. मी तिथूनच ठरवलं होतं, आणि काकांच्या बाजूने ठरवलं होतं, म्हणून ते मला चांगुलपणासारखं वाटलं.

निघताना काकांनी विचारलं, तिचा फोटो आहे का माझ्याकडे? त्यांच्या जुन्या मोबाइलमध्ये नव्हता. मी वरातीतला पाठवतो म्हटलं. गॅलरीत तो शोधायला वर-वर सरकवताना आधी बाभळीखालचा आला. मी मोबाइल किंचित माझ्याकडे वळवला. त्यांनी पाहिलं की नाही, माहीत नाही. मग आरशांच्या झुलीचा सापडला, तो त्यांच्या पोराच्या नंबरवर टाकला.